अनशापोटी दोन चमचे

नाशिक,
६ ऑक्टोबर

प्रिय उजू,

पाकिटावरचं माझं अक्षर ओळखूनही तू हे फाडून टाकलं नसशील, तर निम्मं काम झालं. फोन तू उचलत नाहीस. मेसेज जातो, पण त्याच्या खुणा निळ्या होत नाहीत. आवाज रेकॉर्ड करून पाठवावा, तर माझा आवाज ऐकताच तुला वाटणार, हा आता विनोद करणार. म्हणून कागद. कागदावर माणूस जरा सभ्य वागतो असा माझा समज होता. तीस वर्षं पेपरात लिहून तो मीच खोटा ठरवला, तरी हातात पेन धरल्याशिवाय मला खरं बोलता येत नाही, हेही तितकंच खरं. एकच मागणं आहे. हे शेवटपर्यंत वाच. माझ्या लिखाणातला विंचू नेहमी शेवटच्या परिच्छेदात बसलेला असतो, हे तुला माहीत आहे. या वेळी तो तुला डसणार नाही, एवढा शब्द देतो.

परवा रेहानाचा फोन आला. तुझ्या हाताखालची ही पोरगी मूळची मालेगावची, त्यामुळे आधी तब्येत, जेवणखाण, पाऊसपाणी सगळं रीतसर झालं, आणि मग एकदम रडायलाच लागली. मॅडम काम सोडतायत म्हणाली. पुढच्या शुक्रवारी समितीपुढं तुझी सही हवी आहे. ती झाली तर तुमचा शेवाळाचा अर्क पहिल्यांदा माणसांना देऊन बघता येईल. हाडं झिजलेल्या वयस्कर बायका स्वतःहून नाव द्यायला पुढं आल्यात. दहा वर्षांचं काम इथवर आलंय, आणि तू म्हणतेस, ज्या शेवाळानं माझी आई गेली ते मी दुसऱ्या कुणाच्या आईला देणार नाही. राजीनामा टाईप करून ठेवलायस म्हणे. रेहाना म्हणाली, "तुम्ही सख्खे भाऊ, तुम्ही समजावा ना मॅडमना." मी म्हटलं, बघतो. 'बघतो' हा शब्द नाशकात नकारासाठी वापरतात, हे मालेगावात पोचलेलं नसावं; तिनं शुक्रिया म्हणून फोन ठेवला. मग मी दोन दिवस त्या 'बघतो'कडे बघत बसलो.

आधी इकडची खबर देतो, म्हणजे तुला वाटेल की मी खरंच पत्र लिहितोय. द्राक्षांच्या छाटण्या सुरू झाल्यात. काल दिंडोरीला गोरक्षकडं जाऊन आलो. आपला मामेभाऊ आता अगदी बागाईतदार दिसतो, पोट पुढं आणि मोबाईल त्याच्याही पुढं. वाटेत प्रत्येक कृषी सेवा केंद्रावर सीवीडचा फलक: घडाला ताकद, मण्याला फुगवण. समुद्र आपल्यापासून चार तासांवर, पण त्याचं शेवाळ उकळून, गाळून, काळं पाणी करून कॅनमधून आपल्या वेलींवर कधीपासून फवारलं जातंय, हे तुझ्या गोव्यातल्या सहकाऱ्यांना सांगितलंस तर त्यांना नवल वाटेल. गोरक्ष त्याला शिवीड म्हणतो. आईही तेच म्हणायची. मी एकदा म्हणालो होतो की हे नाव ऐकून शिव्यांचं बियाणं असावं असं वाटतं, तर आई पदर तोंडाला लावून हसली होती. माझ्या विनोदात कुठं हसायचं ते तिला बरोबर कळायचं. तेवढं लक्षात ठेव. पुढं लागेल. आणि हो, गोरक्षनं या हंगामात बागेला शिवीड घेतलेलं नाही. मी विचारल्यावर दुसरीकडं बघत म्हणाला, "नको वाटतंय, दादा."

तू शेवाळावर काम करायला गोव्याला निघालीस, तो दिवस आठवतो? आई पोळ्या लाटत होती. लाटणं थांबवून म्हणाली, "शेवाळावर? अगं, शेवाळावर मानूस घसरून हाडं मोडतंय, अन् तू त्यानंच जोडनार व्हय?" तिच्या माहेरच्या विहिरीच्या पायऱ्यांवरून तिची थोरली बहीण अशीच घसरली आणि जन्मभर पाय ओढत चालली. शेवाळ म्हणजे हिरवं, बुळबुळीत, माणसाला खाली नेणारं काहीतरी, एवढीच आईची ओळख. तू समुद्रातल्या शेवाळाचे फोटो दाखवलेस. तपकिरी, रुंद, चामड्याच्या पट्ट्यांसारखं. तिनं चष्मा वर करून बघितलं आणि निकाल दिला, "हे तर तंबाखूचं पान दिसतंय." तरी निघताना तुझ्या हातावर दही घातलं, आणि तुझी गाडी वळेपर्यंत गॅलरीत उभी होती. नंतर पंधरा दिवस ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, की माझी लेक समुद्रात शेती करते.

मग गेल्या वर्षीचा जुलै, शेवटचा रविवार. रविवार हा आईच्या गोळीचा वार. हाडांची ती गोळी आठवड्यातून एकदाच, अनशापोटी, तांब्याभर पाण्याबरोबर घ्यायची, आणि मग अर्धा तास ताठ बसून राहायचं. आडवं व्हायचं नाही, काही खायचं नाही, चहाही नाही. आईचं त्या गोळीशी जुनं वैर होतं. छातीत जळजळायचं, आणि बिनचहाची सकाळ म्हणजे तिला घरात सुतक आल्यासारखं वाटायचं. तो अर्धा तास ती माझं सदर वाचण्यात काढायची. खिडकीजवळची खुर्ची, नाकावर घसरलेला चष्मा, ओळीखालून सरकणारं बोट. उजू, मी लोकांना सांगत आलो की माझे हजारो वाचक आहेत. खरं तर मला एकच वाचक होता, आणि त्याला तेव्हा उठायची परवानगी नव्हती.

त्या रविवारी पेपर उलगडायच्या आत तुझा फोन आला. स्पीकरवर तू तिला समजावून सांगितलंस. हाडात दोन जातीच्या पेशी असतात, एक बांधणाऱ्या आणि एक पाडणाऱ्या. म्हातारपणी पाडणाऱ्यांचं राज्य येतं. तुमच्या अर्कानं उंदरांमध्ये त्या पाडणाऱ्या मंदावल्या, हाड कमी झिजलं. आणि मग तू म्हणालीस, हे फक्त उंदरांत हं आई, माणसांचं अजून काही माहीत नाही, कितीतरी वर्षं लागतील. हे तू तीनदा म्हणालीस. मी दारात ब्रश तोंडात धरून उभा होतो, मी मोजलंय. तीनदा. आईनं फोन ठेवला आणि, "गवंडी अन् पाडापाडीवाले! माझ्या उज्वलानं पाडापाडीवाल्यांना घरी बसवलं!" असं म्हणत अर्धा तास पुरा व्हायच्या आत शेजाऱ्यांकडं गेली. तिथून वरच्या मजल्यावर. पेपर खुर्चीत घडी न मोडता पडून राहिला. संध्याकाळी तिनं त्यावर मेथी निवडली. तीस वर्षांत पहिल्यांदा आईनं माझं सदर वाचलं नव्हतं. बावन्न वर्षांच्या घोड्याला याचा राग येतो हे सांगायला लाज वाटते, पण आला. मेथीच्या काड्यांखालून माझं नाव दिसत होतं.

पुढच्या रविवारी सदर आलं ते तुझ्यावर. मथळा, 'घसरा आणि जोडा'. पहिली कल्पना आईचीच चोरलेली, शेवाळावरून घसरायचं आणि शेवाळानंच हाड जोडायचं. मग तुझे उंदीर, ते पहाटे गोदापार्कवर ट्रॅकसूट घालून चालायला येतात आणि निवृत्त प्राध्यापकांना मागं टाकतात. मग 'आमची विदुषी भगिनी', जी समुद्राच्या तळाशी जाऊन हाडवैद्याचं दुकान थाटते. लोकांना आवडलं. मला अकरा फोन आले. बारावा तुझा. तू ओरडली असतीस तर बरं झालं असतं. तू शांतपणे म्हणालीस, "दादा, माझ्या नऊ वर्षांवर हसायला तुला नऊशे शब्द पुरले. मी तिसऱ्या परिच्छेदावरच पेपर मिटला." मी म्हणालो, विनोद कळायला हवा. हे वाक्य ज्यानं पहिल्यांदा शोधून काढलं तो विनोदी माणूस नसणार, भित्रा असणार. त्यानंतर आपलं बोलणं म्हणजे आई फोन देते आहे, मी 'बरी आहेस ना' विचारतो आहे, आणि तू 'हो' म्हणून तो आईकडे द्यायला सांगतेस.

निरीक्षण हा माझा धंदा. शेजाऱ्याच्या चपलांवरून मी त्याची नोकरी ओळखतो, असं मीच कुठल्याशा मुलाखतीत सांगितलंय. त्या निरीक्षकाच्या घरात ऑगस्टपासून रोज सकाळी एक वास यायचा. खारट, कुबट, बंदरावर यावा तसा. मी ठरवून टाकलं की खालच्या मजल्यावर नव्यानं राहायला आलेले लोक सकाळी-सकाळी सुके बोंबील भाजतात, आणि त्यावर एक सदरही पाडलं. आईनं ते वाचलं. मग एका एकादशीला, मी जिन्यात चपला घालत असताना तिनं विचारलं, "रंगा, समुद्रातलं झाड एकादशीला चालतं का रे?" बघ, गळ्यात तुळशीची माळ, उपासाच्या दिवशी साबुदाण्यात जिरं चालतं की नाही यावर जिनं स्वतःच्या वहिनीशी वर्षभर अबोला धरला, ती बाई विचारते आहे. मला काय लागत होतं विचारायला, की कुठलं झाड, कशाला? मी म्हणालो, "मीठ समुद्रातलंच ना? मीठ चालतं तर झाडानं काय पाप केलंय?" तिला पटलं. चेहरा मोकळा झाला तिचा. तो विनोद मी मित्रांत चारदा सांगितला.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी ती तीळ भाजत होती. फक्त वळली, उजू. गॅसकडून डब्याकडं. मी समोर बसलो होतो. ती घसरली नाही, अडखळली नाही, तिथं काही सांडलेलं नव्हतं. डॉक्टर नंतर म्हणाले की अशा हाडांत कधीकधी माणूस पडल्यामुळं खुबा मोडत नाही, खुबा मोडल्यामुळं माणूस पडतो. तीळ मात्र करपले. तिला उचलताना ती मला सांगत होती, "आधी ग्यास बंद कर, तीळ जळतील." शस्त्रक्रिया झाली, मग छातीत कफ साठला, मग ताप. अकरा दिवस. तू दुसऱ्याच दिवशी पोचलीस आणि एकदाही घरी गेली नाहीस. त्या आठव्या दिवसाचं मी परत लिहायला नको, पण लिहितो. डॉक्टरांनी विचारलं, आजी, घरी कुठली औषधं चालू होती? आणि आईनं, तापातही अभिमान लपला नाही तिचा, सांगितलं, "लेकीचं शेवाळ घेते मी. शिवीड. दोन चमचे, अनशापोटी. गोरक्षाकडून मागवलं, झाडाला पायजे म्हनून. ती जळजळीची गोळी कवाच सोडली." तू पायाशी उभी होतीस. तू विचारलंस, "आई, कुणी सांगितलं तुला?" आणि ती तुझ्याकडं बघून इतकी गोड हसली, "तूच की गं." तू मला बाहेर ओढलंस. लिफ्टजवळ, त्या प्लॅस्टिकच्या खुर्च्यांपाशी. म्हणालीस, "दादा, त्या दिवशी फोनवर मी असं काही म्हटलं होतं का? आनंदात बोलून गेले असेन का मी? तू होतास तिथं. आठव ना." मी म्हणालो, आठवत नाही.

आयुष्यात मी लाखो शब्द छापले असतील. त्या सगळ्यांत या दोन शब्दांइतका परिणामकारक मजकूर माझ्या हातून झालेला नाही.

तेराव्याला घर भरलेलं होतं. मी जिलब्या वाढत फिरत होतो. कोपऱ्यात बसलेल्या कुणीतरी म्हटलं, शिकलेल्या लेकीनं आईवरच प्रयोग केला बाई. तू तिथून दोन पावलांवर पाण्याचा जग घेऊन उभी होतीस. तू जग खाली ठेवलास, आतून बॅग आणलीस आणि पायऱ्या उतरून गेलीस. मी हातात जिलब्यांचं ताट घेऊन उभा. ते तोंड बंद करायला मला एक वाक्य पुरलं असतं. मी पुढच्या पानाकडं वळलो आणि विचारलं, "अजून एक घ्या ना."

फेब्रुवारीत मी स्वयंपाकघर आवरलं. तांदळाच्या पिंपामागं तो कॅन होता, दोन लिटरचा, तळाशी चार बोटं उरलेला. झाकण उघडलं आणि खालच्या मजल्यावरच्यांचे बोंबील मला कळले. लेबलवर द्राक्षाच्या घडाचं चित्र, आणि खाली बारीक अक्षरांत, मानवी सेवनासाठी नाही. ते तिला दिसलंच नसेल, तिचा चष्मा पेपराच्या अक्षरापुरताच. मी कॅन पिशवीत घालून डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी बराच वेळ लेबल वाचलं. म्हणाले, हे प्यायला नको होतं, पोटाला, मूत्रपिंडाला काय केलं असेल सांगता येत नाही. पण खुब्याचं म्हणाल तर गोळी सुटली हे जास्त वाईट झालं. गोळी चालू असती तर वाचला असता का खुबा? कदाचित. कदाचित नाही. कुणी खात्रीनं सांगू शकणार नाही. तुझ्या प्रयोगशाळेतल्या अर्काचा आणि त्या कॅनचा संबंध एका शब्दापुरता आहे हे तुला मी सांगायला नको. तुला ते माझ्यापेक्षा शंभरपट कळतं, आणि तरी तू राजीनामा लिहिलास, कारण तुला वाटतंय की औषध तुझं नसलं तरी शब्द तुझा होता. पिंपामागं आणखी एक वस्तू होती. पेढ्यांची जुनी डबी, रबरबँड लावलेली. तिच्यात तिच्या गोळ्या. तेवीस. ऑगस्ट ते जानेवारी, प्रत्येक रविवारी मी तिच्या तळहातावर ठेवलेली गोळी ती पाण्याबरोबर जिभेखाली धरायची, मी वळलो की काढायची, आणि तरीही अर्धा तास ताठ बसायची. मला संशय येऊ नये म्हणून नव्हे. डबीतल्या गोळ्यांना अर्धा तास कशाला लागतो? ती माझं सदर वाचत बसायची.

काल गोरक्षकडं गेलो तो हे सांगायला. तो बिचारा नऊ महिने स्वतःला खात होता, की आत्यानं झाडाला म्हणून मागितलं आणि मी विचारलंही नाही, गच्चीवर एवढी झाडं कुठं आहेत म्हणून. पुढं जे लिहितोय त्यातलं बरंचसं त्यानं आधी ऐकलं. बराच वेळ कात्रीशी खेळत बसला. मग म्हणाला, "मंग इतके दिस मला का जाळलं, दादा? अन् ताईला?" आणि उठून बागेत निघून गेला. चहा त्याच्या बायकोनं दिला, खाली ठेवून, हातात नाही.

आता शेवटचा परिच्छेद. या पत्राचाही आणि त्या सदराचाही. कॅनच्या मागं, भिंतीला चिकटवल्यासारखं, 'घसरा आणि जोडा'चं कात्रण होतं. तू तिसऱ्या परिच्छेदाशी पेपर मिटलास, तेव्हा त्याचा शेवट तुला माहीत नाही. तो असा आहे: "आमची भगिनी म्हणते, नाशिककरांनी त्यासाठी गोव्याला येण्याची तसदी घेऊ नये. द्राक्षाच्या घडाला ज्यानं ताकद येते ते म्हातारीच्या खुब्याला कसं कमी पडेल? सीवीड आणा. सकाळी अनशापोटी दोन चमचे, कोमट पाण्यातून. आठवड्याच्या गोळ्या समुद्रात टाका आणि समुद्र घरी आणा." 'दोन चमचे'खाली पेन्सिलची रेघ आहे. आणि समासात आईचं अक्षर: 'गोव्याला जाईन तेव्हा गोळ्या नेणे.' नाशकात समुद्र नाही ना, म्हणून तिनं त्या साठवून ठेवल्या होत्या. तुझ्याकडं येणार होती ती, होळीला. तू म्हणशील, आईला तर विनोद कळायचा. कळायचाच. म्हणून तर तिनं मला विचारलं, उजू. हे मी डॉक्टरांना सांगितलं नाही, काल गोरक्षला सांगितलं नाही, सगळ्यात आधी तुला सांगतोय. ते सदर छापून आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, मी दाढी करत होतो. ती कात्रण घेऊन न्हाणीच्या दारात आली आणि म्हणाली, "रंगा, हे खरंच उज्वला म्हनली का रे?" तोंडाला फेस होता, मला कुठंतरी जायची घाई होती, आणि मेथीच्या काड्या अजून डोक्यात होत्या. मी आरशातून म्हणालो, "पेपरात छापून आलंय म्हणजे खरंच की." ती हसली नाही. मला वाटलं, विनोद पडला. तिनं कात्रणाची घडी घातली आणि आत गेली. तू काही म्हणाली नव्हतीस. तू तीनदा 'फक्त उंदरांत' म्हणाली होतीस, आणि लिफ्टजवळ तू विचारलंस तेव्हा ते तीनही वेळचं मला जसंच्या तसं आठवत होतं. कात्रण आणि डबी या पाकिटाबरोबर पाठवतोय. येत्या रविवारी सदराच्या जागी या पत्राचा हाच शेवटचा परिच्छेद छापायला देतोय, म्हणजे तेराव्याला जिलबी खाऊन गेलेल्यांनाही कळेल. त्यानंतर सदर बंद. मला माफ कर असं मी लिहिणार नाही, ते मागायची माझी पायरी नाही. शुक्रवारी सही कर. त्या बायका औषधाचं विचारतील तेव्हा त्यांना तुझ्यासारखं तीन-तीनदा सांगणारं कुणीतरी समोर असू दे. आपल्या घरात आईनं विचारलं तेव्हा समोर मी होतो.

तुझाच, तुला अजून हवा असेन तर,
दादा